‘तो’ म्हणजे नेमका कोण? : मराठी वाचनातल्या सर्वनामांची गोष्ट

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की सर्वनाम हा काय व्याख्यानाचा विषय झाला? तो तर शाळेतच संपतो. नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः अशी नऊ सर्वनामं पाठ केली, दोन मार्क मिळाले, विषय मिटला.

पण या व्याख्येत एक गोष्ट सांगायची राहून जाते. नामाऐवजी, हे ठीक. पण कोणत्या नामाऐवजी? ते शब्दावर लिहिलेलं नसतं. ‘तो’ या अक्षरात ना गणपतराव आहेत, ना दरवाजा, ना दादरचा पूल. ते शोधायचं काम वाचणाऱ्यावर सोपवलेलं असतं. बोलताना याची अडचण वाटत नाही. घरात कोणी म्हणालं, “तो आला का?” तर आपण लगेच विचारतो, “कोण तो?” लिहिलेल्या मजकुराला असं विचारता येत नाही. लिहिणारा दुसऱ्या गावी असतो, कधी दुसऱ्या शतकात असतो. मग ‘कोण तो?’ या प्रश्नाचं उत्तर वाचकाने कुठून आणायचं? आपल्याकडे वेगवेगळ्या काळांत याचे वेगवेगळे बंदोबस्त झाले. त्या बंदोबस्तांचा इतिहास आज पाहू. तो पाहिला, की सर्वनामाच्या मागे घरदार, पैसा, धर्म आणि माणसाचा हक्क अशा बऱ्याच गोष्टी अडकलेल्या दिसतात.

सुरुवात आपल्या उपनगरापासूनच करू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख. त्यांतले बरेच दानलेख आहेत. कल्याणचा, सोपाऱ्याचा कोणी व्यापारी, कोणी भिक्षुणी. त्यांचं नाव, कुळ, आणि पुढे ‘लेण’, ‘पोढी’, ‘देयधम’ असे शब्द. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, देयधम म्हणजे धर्मार्थ दिलेलं दान. आता कोणतं टाकं, असा प्रश्न तिथे उभा राहतच नाही, कारण लेख टाक्याशेजारीच कोरलेला आहे. वाचणाऱ्याने मान वळवली की उत्तर समोर. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी जो प्रसिद्ध मराठी लेख आहे, त्यात चावुंडराजाने ‘करवियलें’ एवढंच म्हटलं आहे. काय करवलं? ते लिहिलेलं नाही. वर बघा, ५७ फुटांची मूर्ती उभी आहे! हा पहिला बंदोबस्त: लेख वस्तूपासून दूर जाऊच द्यायचा नाही. मात्र या लेखाचा ठसा घेऊन कोणी तो पुस्तकात छापला, की वाचक पोरका होतो. म्हणून लेख छापणाऱ्या अभ्यासकाला तो कुठे सापडला हे आवर्जून सांगावं लागतं.

दुसरा दगड परळचा. शिलाहार राजा अपरादित्य, शके ११०८, म्हणजे इ.स. ११८७. लेख संस्कृत आहे, साष्टीतल्या एका गावाशी संबंधित दानाचा. ते गाव अभ्यासकांनी आपल्या चेंबूरकडच्या माहुलशी जोडलं आहे. सगळा व्यवहार संस्कृतात सांगून झाल्यावर शेवटी मात्र लेख मराठीत येतो, आणि तो येतो शाप द्यायला. ‘जो कोणु’ हे शासन मोडील, ‘तेया’वर देवाचा कोप होवो, आणि ‘तेहाची’ आई... पुढची शिवी इथे उच्चारायला नको. गद्धेगाळ म्हणून आपल्याला ती माहीत आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी अशा दगडांवर तिचं चित्रही कोरत असत.

आम्हाला या लेखातली सर्वनामांची जोडी फार महत्त्वाची वाटते. ‘जो कोणु’ हा माणूस अजून अस्तित्वातच नाही. तो पुढे जन्मेल, किंवा जन्मणारही नाही. लिहिणाऱ्याला त्याचं नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे सर्वनाम इथे नामाऐवजी आलेलं नाही. एका रिकाम्या जागेसाठी आलं आहे, आणि ती जागा जो गुन्हा करील तो स्वतःच भरील. संस्कृत शास्त्रकार ‘यद्’ आणि ‘तद्’ यांचा संबंध नित्य मानतात: ‘जो’ आला की ‘तो’ आलाच पाहिजे. आजचा प्रत्येक कायदा याच जोडीवर चालतो. जो कोणी अमुक करील, त्याला तमुक शिक्षा होईल. व्यवहार संस्कृतात झाला तरी चालेल, पण ‘जो कोणु’मध्ये आपणही येतो हे गावातल्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून शाप मराठीत. आम्ही तरी त्या भाषाबदलाचा अर्थ असा लावतो.

आता दगडावरून पोथीवर येऊ. पोथी प्रवास करते. तिच्या शेजारी टाकं नसतं, मूर्ती नसते. महानुभाव पंथाचं उदाहरण घेऊ. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी रिद्धपुरात त्यांच्या आठवणी गोळा केल्या. काळ साधारण इ.स. १२७८. ज्यांनी ज्यांनी प्रसंग पाहिला होता त्यांच्याकडे ते स्वतः गेले, विचारलं, ताडून घेतलं. म्हणजे ‘कोण तो?’ हा प्रश्न विचारण्याची संधी असेपर्यंत त्यांनी तो विचारून घेतला. त्यातून लीळाचरित्र झालं. पुढे केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ तयार केला. सूत्र म्हणजे प्रसंगातून उचललेलं वाक्य. ते पाठ करायला सोपं, पण मूळ प्रसंगात ‘हा’ आणि ‘तो’ कोणाला उद्देशून होते, ते वाक्य उचलताना मागे राहून जातं. ‘ऐसें न करावें’ असं एखादं वचन असेल, तर कसं न करावं? आणि कोणी? त्या एका शिष्याने, की आपण सगळ्यांनी?

पंथातल्या विद्वानांनी हे ओळखलं, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथप्रकारच निर्माण केला. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघालं याची नोंद. सूत्रांचा अर्थ लावण्याच्या गरजेतूनच भीष्माचार्यांचं ‘पंचवार्तिक’ आलं. मराठीतलं पहिलं व्याकरण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जातं. विचार करा: मराठीचा व्याकरणविचार कशातून सुरू होतो? गुरू हयात नाहीत, त्यांना विचारता येत नाही, आणि त्यांच्या वाक्यानुसार तर जगायचं आहे, या अडचणीतून. सर्वनामाचा संदर्भ चुकला तर तिथे आचार चुकणार होता.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा शास्त्रकारांनी यावर काय विचार केला तेही थोडं सांगायला हवं. पाणिनीने सर्वनामाची व्याख्या केली नाही, ‘सर्व’पासून सुरू होणारी यादी दिली. सर्वनाम या नावाचा अर्थच सर्वांचं नाव. आता जे सर्वांचं नाव आहे, ते या क्षणी एकाचंच कसं होतं? सतराव्या शतकात नवद्वीपच्या गदाधर भट्टाचार्यांनी ‘शक्तिवाद’ या ग्रंथात ‘तद्’ शब्दाची याच अंगाने चर्चा केली. नैयायिकांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की सर्वनाम ‘बुद्धिस्थ’ वस्तूकडे, म्हणजे त्या वेळी मनात उभ्या असलेल्या वस्तूकडे जातं. मनात मात्र एकाच वेळी दोघं-तिघं उभे असू शकतात. त्यासाठी शास्त्रात एक संकेत रूढ आहे: सर्वनाम सामान्यतः प्रधानाचा परामर्श घेतं. वाक्यात जो मुख्य, त्याच्याकडे ते आधी जातं. शिवाय आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी आहेतच. म्हणजे वाक्याला कशाची गरज आहे, काय जुळतं आणि काय जवळ आहे.

मीमांसकांनी तर संबंध ठरवण्याच्या सहा साधनांची उतरंड लावली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. दोघांत विरोध आला तर आधीचं प्रबळ. त्यांचा मूळ प्रश्न यज्ञातलं कोणतं अंग कोणत्या कर्माचं, हा होता. पण पद्धत वाचनाची आहे. आणि हे सगळं केवळ पंडितांच्या करमणुकीसाठी नव्हतं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला जे सांगतो, त्यातल्या ‘तत्’ आणि ‘त्वम्’ या दोन सर्वनामांवरून वेदान्ताच्या शाखा वेगळ्या झाल्या. शंकराचार्यांनी दोन्हींमागचं चैतन्य एक मानलं, रामानुजाचार्यांनी जीव हे ईश्वराचं शरीर मानून अर्थ लावला, आणि मध्वाचार्यांनी पदच्छेदच बदलून तिथे ‘अतत्’ वाचलं. अक्षरं तीच, वाचक तीन, आणि जग तीन प्रकारचं.

आता दफ्तरात शिरू. मोडीत कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्द तोडलेले नाहीत, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. त्यात वतनाचा तंटा, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा भाऊबंद. अशा कागदात नुसतं ‘तो’ लिहून चालणार कसं? दफ्तरदारांनी फारसीतून पक्की हत्यारं आणली. ‘मशारनिल्हे’ हा शब्द जुनी पत्रं वाचणाऱ्यांना भेटतो. मूळ अरबी-फारसी शब्दाचा अर्थ आहे ‘ज्याच्याकडे निर्देश केला आहे तो’. सर्वनामाची इतकी चोख व्याख्या आमच्या शाळेच्या पुस्तकातही नव्हती! तसाच ‘मजकूर’, म्हणजे ज्याचा जिक्र आधी झाला आहे ते. मौजे मजकूर, साल मजकूर, मजकूर इसम. आणि ‘सदरहू’, वर आलेलं. पुढे गंमत अशी झाली, की मजकूर या शब्दाचा अर्थ ‘लिहिलेलं सगळंच’ असा झाला. जाहिरातीचा मजकूर आपण म्हणतो तेव्हा एक जुनं निर्देशक विशेषण आपल्या तोंडी असतं.

हीच पद्धत खरेदीखतात आजही जिवंत आहे. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष, आणि ते कागदाच्या शेवटापर्यंत तसेच चालतात. वाचायला कंटाळवाणं वाटतं. पण त्या कंटाळ्यामागे शहाणपण आहे: जिथे भांडण होऊ शकतं तिथे वाचकाच्या अंदाजावर काही सोडायचं नाही.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला. दादोबा पांडुरंगांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चं. मेजर कँडींनी विरामचिन्हं रुळवली. वाक्य कुठे संपलं, कोण बोलतंय, हे डोळ्यांना दिसू लागलं. अवतरणचिन्हाने केवढं काम केलं बघा. ‘मी’ म्हणजे लेखक की पात्र, हे दोन छोट्या खुणांनी सांगितलं. कादंबरी, एकट्याने मनात वाचणं, हे सगळं यानंतरचं. १९११ साली मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं, तोवर अनोळखी लेखकाचा अनोळखी वाचक ही गोष्ट नेहमीची झाली होती.

मग विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी वाचकाच्या डोळ्यांकडेच पाहायला सुरुवात केली. १९८३ मध्ये केट अर्लिक आणि कीथ रेनर यांनी वाचताना डोळे कुठे किती थांबतात ते मोजलं. सर्वनाम ज्याच्याबद्दल आहे तो उल्लेख बराच मागे राहिला असेल, तर सर्वनामानंतर डोळे जास्त रेंगाळतात असं दिसलं. म्हणजे आपल्या शास्त्रकारांचा सन्निधी तिथे मोजपट्टीवर आला. त्याआधी १९७४ मध्ये गार्वी आणि कॅरामाझा यांनी दाखवलं, की क्रियापदच पुढच्या सर्वनामाची दिशा ठरवून ठेवतं. मराठीत करून पाहू. ‘सुधाने लताची माफी मागितली, कारण तिने...’ इथे थांबलो तरी ‘ती’ सुधा. ‘सुधाने लताचं कौतुक केलं, कारण तिने...’ आता ‘ती’ लता. नावं तीच, क्रम तोच. माफी कोण मागतं आणि कौतुक कोणाचं होतं, याचं जगाचं ज्ञान आपण वाक्यात ओततो.

टेरी विनोग्राड या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये याच धर्तीचं उदाहरण दिलं, आणि यंत्राला भाषा कळते का हे तपासायला पुढे तशी वाक्यं वापरली गेली. आपल्या भागातलं घ्या: ‘सभासदांनी कंत्राटदारांना चाव्या दिल्या नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती.’ भीती सभासदांना. ‘...कारण त्यांनी करारावर सही केली नव्हती.’ सही राहिली कंत्राटदारांची. हे व्याकरणाने सुटत नाही. पुनर्विकास म्हणजे काय हे माहीत असणाऱ्यालाच सुटतं.

मराठीची स्वतःची अशी आणखी अवघड वळणं आहेत. ‘ते’ हा शब्द घ्या. ते मूल, एक, नपुंसकलिंगी. ते मुलगे, अनेक. आणि ते सर, म्हणजे एकच, पण आदराने. ‘त्यांनी’ म्हटलं की स्त्री-पुरुष हा भेदही जातो. उलट ‘गेली’, ‘गेला’ यांत क्रियापदच लिंग सांगतं, म्हणून आपण सर्वनाम खुशाल गाळतो. ‘आपण’ तर वेगळ्याच जातीचं. ‘लताला वाटतं, की सुधाने स्वतःला फसवलं.’ फसली सुधा. ‘लताला वाटतं, की सुधाने आपल्याला फसवलं.’ फसली लता. आणि ‘तिला फसवलं’ म्हटलं तर लता किंवा तिसरीच कोणी. ‘स्वतः’ आपल्या उपवाक्यातच राहतं, ‘आपण’ बाहेरच्या वाक्यातल्या कर्त्यापर्यंत हात पोचवतं. काशी वली आणि इतर भाषावैज्ञानिकांनी यावर लिहिलं, तेव्हा सर्वनामांच्या सर्वसाधारण सिद्धान्तांना मराठीची दखल घ्यावी लागली. इंग्रजीसारखे दोनच कप्पे आपल्याला पुरत नाहीत.

इथवर अर्थ लागला की काम झालं, असं आपण धरून चाललो. पण अर्थ कोण लावतो, हाही प्रश्न आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं, की ‘तो’ हे सर्वनाम पुरुष आणि स्त्री दोघांसाठी आहे. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, विषयाला किंवा संदर्भाला विसंगत नसेल तर, असा सर्वसाधारण नियमही कायद्यात होता. आता हा नियम शिक्षेच्या वेळी कोणाला कधी अडला नाही. ‘जो कोणी चोरी करील’ यात बाई येते याबद्दल शंका नव्हती. पण १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायद्यातल्या त्या व्यक्तीत स्त्री येत नाही, असं वाचन झालं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी कायद्याचं शिक्षण कधीच पूर्ण करून बसल्या होत्या. १९२३ मध्ये स्त्रियांच्या वकिलीसाठी वेगळा कायदा करावा लागला, तेव्हा कुठे प्रश्न मिटला. अलीकडच्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्या सर्वनामाच्या व्याख्येत पुरुष आणि स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तींचाही उल्लेख आला. एकशे चौसष्ट वर्षांत एका ‘तो’मध्ये कोण कोण मावतं, याची यादी वाढत गेली.

यातून आम्हाला जे दिसतं ते असं. मनातला वाचक ‘प्रधान’ शोधतो, हे शास्त्रकारांचं म्हणणं बरोबर आहे आणि प्रयोगांतही त्याच्या खुणा सापडतात. पण वाक्यातला प्रधान आणि समाजातला प्रधान यांची सरमिसळ होते. कोण मुख्य, हे आपण आधीच धरलेलं असतं आणि सर्वनाम गुपचूप त्याच्याकडे जातं. ‘डॉक्टर आणि नर्स आले, त्यांनी तपासलं’ म्हटलं की कोणाचं चित्र डोळ्यांपुढे येतं, ते ज्याने त्याने तपासून पाहावं. लिहिणाऱ्याने काही सांगितलेलं नसतं. बहुतेक वेळा हा अंदाज निरुपद्रवी असतो, त्याशिवाय वाचन पुढे सरकणारच नाही. काही वेळा मात्र त्या अंदाजात एखाद्याचा हक्क जातो.

म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबू. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचं काम चालू आहे. आपल्यापैकी अनेकांच्या हातात कराराचे मसुदे आहेत. समजा एक वाक्य असं आहे: ‘विकासक संस्थेला जागा ताब्यात देईल तेव्हा तिच्यावरील कराची थकबाकी त्यांनी भरावी.’ संस्था स्त्रीलिंगी, जागा स्त्रीलिंगी. ‘तिच्यावरील’ म्हणजे कोणावरील? ‘त्यांनी’ म्हणजे विकासकाने, आदरार्थी, की संस्थेच्या सभासदांनी? पहिल्या वाचनात आपल्याला सोयीचा अर्थच दिसतो, आणि समोरच्याला त्याच्या सोयीचा. दोघेही प्रामाणिक असू शकतात. भांडण चार वर्षांनी उभं राहतं, तेव्हा मसुदा लिहिणारा भेटत नाही.

अशा कागदात पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘त्यांनी’, ‘सदर’ याखाली रेघ मारा आणि त्याच्या डोक्यावर नाव लिहा. जिथे दोन नावं बसतात तिथे सर्वनाम काढून नाव घालायला सांगा. वाक्य जड होईल, होऊ दे. पेशव्यांच्या कारकुनाने ‘मशारनिल्हे’ लिहिताना हेच केलं होतं. कथा-कादंबरी वाचताना मात्र ही पेन्सिल खिशात ठेवा. तिथे थोडं अडखळणं हा आनंदाचा भाग आहे.

आणि भाषणं ऐकताना, वर्तमानपत्र वाचताना एका सर्वनामाकडे विशेष लक्ष ठेवा: ‘आपण’. ‘आपण सगळ्यांनी त्याग केला पाहिजे’ असं कोणी म्हटलं, की त्या ‘आपण’मध्ये बोलणारा स्वतः आहे का, ते बघा. ‘आम्ही’ने ऐकणाऱ्याला बाहेर ठेवलं जातं, ‘आपण’ने आत घेतलं जातं. मराठीने हा भेद आपल्याला फुकट दिला आहे, इंग्रजीला तो नाही. गेला तासभर आम्हीही तुमच्यापुढे दोन्ही शब्द वापरले आहेत. कुठे तुम्हाला न विचारता ‘आपण’मध्ये ओढलं असेल, तर आता विचारा. आज लिहिणारा नव्हे, बोलणारा समोर आहे. प्रश्नांसाठी अजून वीस मिनिटं आहेत.